प्रोजेक्टरची केबल ओढताना या चुका टाळा

फुटबॉलची मॅच असली की कोल्हापुरात कुठलाही हॉल अपुराच पडतो. राजारामपुरीत मित्राच्या घरी आम्ही पंधराजण जमलो होतो. पेनल्टी घ्यायला खेळाडू पुढं आला आणि पडदा काळा! चित्र परत आलं तोवर गोल होऊन गेला होता. शिव्या प्रोजेक्टरला बसल्या. खरा दोष होता छतातून फिरवलेल्या १५ मीटरच्या साध्या एचडीएमआय केबलचा.

केबल लांब असली की चित्र फिकं पडतं, हा समज व्हीजीएच्या, म्हणजे जुन्या पंधरा पिनांच्या केबलच्या, काळातला. तो सिग्नल ॲनालॉग, म्हणजे सलग चढउतारांचा. लांबी वाढली की अक्षरांना सावली यायची, कडा पुसट व्हायच्या. एचडीएमआयमध्ये सगळा हिशेब शून्य आणि एकचा. तो नीट पोचला तर चित्र जसंच्या तसं. नाही पोचला तर आधी पडद्यावर ठिपके चमकतात, मग मधेच काळोख, शेवटी 'नो सिग्नल'. म्हणून रंग फिके वाटले तर केबल बदलू नका, पिक्चर मोड बघा. सोन्याचा मुलामा दिलेला प्लग आपल्या पावसाळी दमट हवेत गंजत नाही, एवढंच. चित्र त्यानं उजळत नाही.

दुसरी चूक म्हणजे तपासणी न करताच मिस्त्रीला बोलावणं. आधी प्लेअरच्या सेटिंगमध्ये फोर-के ६० हर्ट्झवरून (खूप बारीक चित्र, सेकंदाला ६० वेळा) १०८०पीवर (म्हणजे फुल एचडीवर) या. फोर-केला सेकंदाला सुमारे १८ गिगाबिट डेटा लागतो, १०८०पीला साडेचारच्या आसपास. खाली आल्यावर चित्र स्थिर झालं, तर संशय केबलवरच. खात्री करायची तर प्लेअर उचलून प्रोजेक्टरजवळ न्या आणि दोन मीटरच्या केबलनं जोडा. पाच मिनिटांचं काम, पण लोक करत नाहीत.

साध्या तांब्याच्या केबलवर फोर-के ६० हर्ट्झ पाच-सात मीटरपर्यंत भरवशानं चालतं. त्याच्या पुढं ऑप्टिकल एचडीएमआय, म्हणजे सिग्नल प्रकाशानं नेणारी केबल, घ्या. खोक्यावर '२.०', '२.१' असा आवृत्तीचा कुठला आकडा छापलाय त्याला भुलू नका. 'प्रीमियम हाय स्पीड' किंवा 'अल्ट्रा हाय स्पीड'चं स्कॅन करता येणारं लेबल शोधा. आणि मधे जोड देऊन दोन केबली एक करू नका, प्रत्येक जोडाला सिग्नल आणखी गळतो.

नवं बांधकाम असेल तर गिलाव्याआधी जाड पाइप टाकून घ्या. पाऊण इंची पाइपमधून एचडीएमआयचा प्लग जात नाही, हे भिंत रंगवून झाल्यावर कळलेले लोक मी पाहिलेत. वळणं मोठी ठेवा. ऑप्टिकल केबलला दिशा असते: 'सोर्स' लिहिलेलं टोक प्लेअरकडं, 'डिस्प्ले'चं प्रोजेक्टरकडं. भिंतीत घालण्याआधी जमिनीवर पसरून एकदा चालवून बघा. मित्राकडं नंतर आणलेली ऑप्टिकल केबल उलटी ओढली गेली, आणि अख्खा रविवार ती परत काढण्यात गेला.