दुबईत निवांत बसावे कसे: चहाघरे, हमाम आणि कॉकटेल लाउंज

दुबईला जाणारी मराठी मंडळी बहुधा बुर्ज खलिफा, दुबई मॉल, वाळवंटातली सफारी आणि सोन्याचा बाजार एवढे चार-पाच दिवसांत उरकून, पाय दुखत असताना परततात. ही ठिकाणे पाहू नयेत असे मुळीच नाही; पण हे शहर जितके फिरून कळते, त्याहून अधिक ते बसून कळते, असे माझे ठाम मत आहे. वाळवंटाच्या काठावर वसलेल्या माणसांनी उन्हातून आलेल्या पाहुण्याला सावलीत बसवणे, त्याच्या हाती काही पेय देणे आणि त्याला घाई न करणे याची एक रीत घडवली, आणि आजच्या काचेच्या इमारतींतही ती पुष्कळशी टिकून आहे. तिचा आनंद घ्यायचा असेल तर कुठे जावे यापेक्षा केव्हा जावे हे आधी ठरवावे लागते.

जून ते सप्टेंबर या काळात दुपारचे तापमान ४० अंशांच्या आसपास किंवा वर असते आणि समुद्रामुळे हवा दमटही असते, त्यामुळे रात्रीसुद्धा उघड्यावर बसणे नकोसे होते. नोव्हेंबर ते मार्च हा खरा मोसम. पण महिना कोणताही असो, दिवसाची आखणी एकच ठेवावी: सकाळी जुन्या वस्तीत चहा, दुपारचे रणरणते तास हमामात, म्हणजे वाफेच्या स्नानगृहात, किंवा स्पामध्ये, सूर्यास्ताच्या सुमारास लाउंज, आणि रात्री उशिरा पुन्हा चहा. हे सगळे एकाच दिवशी करण्याचा अट्टहास मात्र करू नये. दिवसाला दोन गोष्टी पुरेत.

सकाळच्या चहासाठी अल फहिदी या जुन्या वस्तीइतकी चांगली जागा नाही. मेट्रोच्या हिरव्या मार्गावर शराफ डीजी स्थानकावर उतरले की दहा-पंधरा मिनिटांत चालत तिथे पोहोचता येते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इराणच्या बस्तक भागातून आलेल्या व्यापाऱ्यांनी ही घरे बांधली, म्हणून जुनी माणसे तिला अजूनही बस्तकिया म्हणतात. प्रवाळाचा दगड आणि जिप्सम यांनी बांधलेल्या जाड भिंती, एकमेकींना सावली देणाऱ्या अरुंद गल्ल्या आणि छतावर उभे असलेले चौकोनी वातमनोरे, म्हणजे बर्जील, ही इथली ओळख. मनोरा चारही दिशांनी उघडा असतो; ज्या बाजूने वारा येईल त्या बाजूचे झरोके तो पकडून खालच्या खोलीत सोडतात आणि खोलीतली तापलेली हवा दुसऱ्या बाजूने वर निघून जाते. अशा मनोऱ्याखाली उभे राहण्याची संधी मिळाली तर वीज येण्यापूर्वी ही माणसे उन्हाळा कसा काढत असतील हे अंगावरच समजते. याच वस्तीत १९९७ मध्ये सुरू झालेले अरेबियन टी हाऊस आहे. झाडाखालचे अंगण, फिरोजी रंगाची बाके आणि पांढरे पडदे यांमुळे तिथे छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी उसळते. म्हणून सकाळी लवकर, शक्यतो सोमवार ते गुरुवार या दिवसांत जावे. २०२२ पासून दुबईत शनिवार-रविवार ही साप्ताहिक सुट्टी झाली आहे आणि शुक्रवारी सरकारी कचेऱ्या अर्धा दिवसच चालतात, हे ध्यानात ठेवलेले बरे.

अरेबियन टी हाऊसमध्ये नुसता चहा मागवू नये, एमिराती, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, न्याहारीचे ताट मागवावे. त्यात बलालीत असते: केशर-वेलदोडा घातलेल्या गोड शेवया आणि त्यांवर पसरलेले अंड्याचे पातळ आम्लेट. गोड शेवया आणि अंडे ही जोडी आपल्या जिभेला पहिल्या घासाला चमत्कारिक वाटते, पण दुसऱ्या घासापासून ती पटते. अंडे न खाणाऱ्यांनी ते वगळायला सांगावे. सोबत खमीर नावाची फुगीर पोळी, चबाब नावाचे जाडसर धिरडे आणि खजुराचा पाक येतो. दोघांत एक ताट घेतले तरी पोट भरते.

अरबी कॉफी, म्हणजे गहवा, समोर आली तर तिची रीत पाळावी. २०१५ मध्ये युनेस्कोने या कॉफीच्या आतिथ्याची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. ही कॉफी आपल्या फिल्टर कॉफीसारखी काळी नसते. बिया हलक्या भाजलेल्या असल्यामुळे तिचा रंग सोनेरी-पिवळसर असतो आणि वेलदोड्याचा वास आधी जाणवतो. दल्ला नावाच्या लांब चोचीच्या भांड्यातून ती बिनकानाच्या छोट्या पेल्यात, तळाशी थोडीशीच ओततात. कमी दिली म्हणून रागावण्याचे कारण नाही. पेला काठोकाठ न भरण्यात आदर आहे, कारण पाहुण्याने पुन्हा पुन्हा घ्यावी आणि तोपर्यंत बसावे हा त्यामागचा हेतू. पेला उजव्या हातानेच घ्यावा, सोबत खजूर खावा, आणि पुरे झाले की रिकामा पेला हलकेच डावी-उजवीकडे हलवून परत द्यावा. तो न हलवता दिला तर वाढणारा पुन्हा ओतणारच.

आता रस्त्यावरच्या चहाकडे वळू, कारण दुबईची खरी चहाघरे तीच आहेत. इथला करक चहा भारतातून आलेल्या माणसांसोबत आला. मुंबई आणि आखात यांच्यात मोती, कापड आणि मसाल्यांचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या चालत होता आणि १९६६ पर्यंत इथे भारताने छापलेले रुपयेच चलनात होते, तेव्हा चहाने हा समुद्र ओलांडला यात नवल नाही. करकात चहाची पूड बराच वेळ उकळतात, ठेचलेला वेलदोडा घालतात आणि ताज्या दुधाऐवजी डबाबंद आटवलेले दूध ओततात. त्या दुधामुळेच तो दाट, किंचित खरपूस आणि तांबूस होतो. कुठे केशर असते, कुठे आले. बहुतेक ठिकाणी साखर आधीच घातलेली असते आणि ती भरपूर असते, म्हणून साखरेचे पथ्य असणाऱ्यांनी आधी विचारावे किंवा सुलेमानी मागावी, म्हणजे लिंबू घातलेला कोरा चहा. छोट्या टपऱ्यांवर करक दोन-तीन दिरहमांत (दिरहम हे तिथले चलन) मिळतो. रात्री या टपऱ्यांसमोर गाड्या ओळीने उभ्या राहतात, पोऱ्या गाडीजवळ येऊन मागणी घेतो आणि कागदी पेले खिडकीतून हाती देतो. महागड्या गाडीतला एमिराती तरुण आणि रात्रपाळीहून परतणारा केरळचा कामगार एकाच पातेल्यातला चहा पितात, हे दृश्य मला कोणत्याही गगनचुंबी इमारतीपेक्षा मोलाचे वाटते. पेला हातात घेऊन मेट्रोत मात्र शिरू नये; तिथे खाण्यापिण्याला मनाई आहे आणि १०० दिरहम दंड होतो.

टपरी निवडताना गर्दी पाहावी. जिथे पातेले सतत रिकामे होऊन पुन्हा चढते तिथला चहा ताजा असतो. जिथे तो थर्मासमध्ये तासन्‌तास पडून असतो तिथे आटवलेल्या दुधाला कडवटपणा येतो. बर दुबईहून देराला जायचे असेल तर चहा आटोपून खाडीवरच्या लाकडी अब्रा होडीत बसावे. साध्या होडीचे भाडे एक दिरहम आहे आणि ते रोख द्यावे लागते, म्हणून खिशात सुटे नाणे ठेवावे.

हमामाच्या बाबतीत आपल्याकडची पुष्कळ माणसे संकोचाने मागे राहतात, म्हणून ते सविस्तर सांगतो. दुबईत दोन पद्धती प्रचलित आहेत. तुर्की पद्धतीत तापवलेल्या संगमरवरी ओट्यावर निजवून खरबरीत हातमोज्याने अंग घासतात आणि नंतर साबणाच्या फेसाचा ढीग अंगावर ओतून मालिश करतात. मोरोक्कोच्या पद्धतीत आधी वाफेच्या खोलीत बसवतात, मग ऑलिव्हपासून बनवलेला, मऊ लोण्यासारखा काळा साबण सर्वांगाला लावून काही मिनिटे तसाच ठेवतात, मग किसा नावाच्या मोज्याने घासतात आणि शेवटी अॅटलास पर्वतातली घसूल माती लावून धुतात. दिवाळीच्या पहाटेचे उटणे ज्याला आवडते त्याला हा प्रकार आवडेलच. फक्त इथे घासणारा हात अनोळखी माणसाचा आणि बराच जोरकस असतो. मोजा फिरला की मृत त्वचेच्या करड्या वळ्या हातावर गोळा होतात. त्या पाहून लाजू नये, रोज स्वच्छ आंघोळ करणाऱ्याच्या अंगावरूनही त्या निघतात. जोर जास्त वाटला तर लगेच ‘हळू’ म्हणून सांगावे. सहन करत राहण्यात काही पुरुषार्थ नाही.

हमाम दोन प्रकारच्या जागी मिळतो आणि दोन्हींचा अनुभव वेगळा आहे. मोठ्या हॉटेलांत, उदाहरणार्थ पाम जुमैरा या कृत्रिम बेटावरील जुमैरा झबील सराय हॉटेलच्या तालिस ऑटोमन स्पामध्ये, घुमट, फरशी आणि पाण्याचा आवाज यांचाच एक सोहळा असतो आणि त्याची किंमत काही शे दिरहम पडते. देरा, करामा अशा वस्त्यांतले मोरोक्कन बाथ साधे असतात, बहुधा केवळ स्त्रियांसाठी किंवा केवळ पुरुषांसाठी चालतात, आणि हॉटेलच्या मानाने बरेच स्वस्त पडतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने हॉटेलचा हमाम घ्यावा, कारण तिथे प्रत्येक टप्पा समजावून सांगतात. एकदा रीत कळली की वस्तीतला हमाम अधिक मोकळा वाटतो. दुपारची वेळ दोन्हीकडे निवांत असते आणि अनेक स्पा सोमवार ते गुरुवार सवलत देतात. आरक्षण करताना घासणारी व्यक्ती स्त्री असेल की पुरुष, आणि विश्रांतीची जागा वेगळी आहे की सामाईक, हे स्पष्ट विचारून घ्यावे. अंगावर एकदाच वापरायची अंतर्वस्त्रे देतात; स्वतःचा पोहण्याचा पोशाख घातला तरी कोणी हरकत घेत नाही.

हमामाच्या आधी दोन तास भरपेट जेवू नये. त्याच दिवशी दाढी, वॅक्सिंग किंवा शेव्हिंग करू नये, कारण नुकत्याच तासलेल्या त्वचेवर मोजा फिरला की आग होते. आदल्या दिवशी उन्हाने कातडी भाजली असेल तर बेत सरळ पुढे ढकलावा. गरोदर स्त्रियांनी, रक्तदाबाचा किंवा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाफेच्या खोलीत जाऊ नये. बाहेर आल्यावर पाणी प्यावे, अर्धा तास तरी पडून राहावे आणि त्या दिवशी समुद्रात किंवा क्लोरिनच्या तलावात उतरू नये. वाफेने शरीरातले पाणी कमी झालेले असते, त्यामुळे हमामाला लागूनच मद्य घेणे धोक्याचे आहे. दोन्ही एकाच दिवशी करायचे असतील तर मध्ये तीन-चार तास, भरपूर पाणी आणि एक जेवण असावे.

कॉकटेल लाउंजचा विषय मजेचा आहे, पण तिथे कायद्याची जाण आधी हवी. दुबईत मद्य पिण्याचे किमान वय २१ वर्षे आहे आणि ते परवानाधारक जागीच, म्हणजे मुख्यतः हॉटेले आणि त्यांना लागून असलेल्या रेस्टॉरंटांत मिळते. पासपोर्ट किंवा एमिरेट्स ओळखपत्र जवळ ठेवावे. रस्त्यावर, उद्यानात, सार्वजनिक किनाऱ्यावर पिणे किंवा झिंगलेल्या अवस्थेत दिसणे हा गुन्हा आहे. गाडी चालवणाऱ्याच्या बाबतीत ‘थोडीशी’ अशी मुभाच नाही. एक पेला घेतला तरी टॅक्सी करावी. शेजारच्या शारजात मद्यविक्रीला आणि मद्यपानाला पूर्ण बंदी आहे, आणि दुबईत नोकरी करणारी अनेक मराठी कुटुंबे शारजात राहतात, तेव्हा त्यांच्याकडे उतरलेल्या पाहुण्याने बाटली सोबत नेऊन यजमानाला अडचणीत आणू नये.

मद्यावर दुबईत ३० टक्के कर आहे. तो २०२३ च्या आरंभी स्थगित केला होता आणि १ जानेवारी २०२५ पासून पुन्हा लागू झाला. त्यामुळे चांगल्या लाउंजमध्ये एका कॉकटेलला ५० ते ८० दिरहम सहज पडतात आणि प्रसिद्ध ठिकाणी त्याहून अधिक. बुर्ज खलिफाच्या १२२व्या मजल्यावरील अ‍ॅटमॉस्फिअरसारख्या जागी खिडकीजवळच्या टेबलासाठी किमान खर्चाची अट असते, ती आरक्षणाच्या वेळीच विचारावी. उंचीचे आकर्षण मला समजते, पण माझी पसंती खाली, पाण्याजवळ बसण्याला आहे: मदिनत जुमैरा या हॉटेल-संकुलातील बहरी बारच्या सज्जात बसले की समोर शिडाच्या आकाराचे बुर्ज अल अरब हॉटेल दिसते आणि सूर्य समुद्रात उतरताना दिसतो. सूर्यास्ताच्या तासभर आधी पोहोचावे. पुरुषांनी चप्पल आणि अर्धी चड्डी टाळावी, नाहीतर दारातूनच परतावे लागते. शेजारच्या टेबलावरील माणसे आपल्या छायाचित्रात येणार नाहीत याची काळजी घ्यावी, कारण परवानगीवाचून कोणाचे छायाचित्र काढणे इथे कायद्याने गुन्हा ठरते.

न पिणाऱ्यांनी लाउंज टाळण्याचे कारण नाही. मद्याविना बनवलेली पेये इथे मनापासून बनवतात, कारण मोठा ग्राहकवर्ग तीच मागतो. खजूर, केशर, डाळिंब, गुलाबपाणी, चिंच आणि वाळवलेले काळे लिंबू यांचे मिश्रण अनेकदा मद्याच्या कॉकटेलपेक्षा सरस असते.

रमझानच्या महिन्यात हे वेळापत्रक बदलते. तो दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे सरकतो, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी तारखा पाहाव्यात. त्या महिन्यात दिवसा रस्त्यावर खाणेपिणे टाळावे आणि लाउंजची वेळ फोन करून विचारावी; मात्र इफ्तारनंतर चहाघरे पहाटेपर्यंत गजबजलेली असतात आणि इतर कोणत्याही महिन्यापेक्षा तेव्हाचा चहा अधिक रंगतो.

बिलात सेवाशुल्क बहुधा आधीच धरलेले असते, पण ते सगळे सेवा करणाऱ्याच्या हाती पडतेच असे नाही. हमामात घासणाऱ्या बाईला किंवा बुवाला निघताना १० ते २० दिरहम रोख, थेट हातात द्यावेत, आणि टपरीवरच्या पोऱ्याला उरलेले सुटे राहू द्यावेत.