इतवारीत हिरा घेताना

हिऱ्याची चमकी किंवा अंगठी घेण्यासाठी नागपूरच्या इतवारीतल्या सराफा बाजारात जाण्यापूर्वी 'कॅरेट' या शब्दाचे दोन अर्थ मनात वेगळे करून ठेवावेत. सोन्याच्या बाबतीत कॅरेट म्हणजे शुद्धता, तर हिऱ्याच्या बाबतीत वजन; एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम आणि त्याचा शंभरावा भाग म्हणजे सेंट. दागिना '१८ कॅरेटचा' आहे, एवढ्यावरून हिऱ्याविषयी काहीच कळत नाही, आणि सोन्यावरचा हॉलमार्कही हिऱ्याची हमी देत नाही. सांगितलेले वजन एकाच हिऱ्याचे आहे की सगळ्या बारीक खड्यांचे मिळून, हे आधी विचारावे, कारण ५० सेंटचा एक हिरा मिळून तेवढेच वजन भरणाऱ्या दहा खड्यांपेक्षा बराच महाग असतो.

मात्र वजनापेक्षाही पैलू कसे पाडले आहेत, याकडे अधिक लक्ष द्यावे, असे माझे मत आहे. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२ आहे, म्हणजे तो प्रकाशाला काचेपेक्षा पुष्कळ अधिक वळवतो. पैलूंचे कोन नेमके असतील तरच आत शिरलेला प्रकाश तळाशी उलटून पुन्हा डोळ्यांपर्यंत येतो. जुने भारतीय कारागीर शक्यतो वजन राखून पैलू पाडत, म्हणून आजीच्या दागिन्यातला हिरा मंद वाटला तरी तो खोटा ठरत नाही. १८५१च्या लंडन प्रदर्शनात कोहिनूरही लोकांना निस्तेजच वाटला होता. पुढच्याच वर्षी तो नव्याने घासून सुमारे १९१ कॅरेटवरून १०५.६ कॅरेटवर आणला गेला. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये खाणी सापडेपर्यंत जगातले बहुतेक हिरे भारतातूनच जात असत, आणि त्यांत गोवळकोंड्याचे नाव गाजले असले तरी आपल्या विदर्भातल्या वैरागडच्या खाणीचा उल्लेख अकबराच्या काळच्या नोंदींतही आहे.

हिरा पाहताना दुकानातल्या दिव्यांवर विसंबू नये. नागपूरच्या भर दुपारच्या उन्हात तर काचेचा तुकडाही लखलखतो, म्हणून सकाळी, दारापाशी, सावलीतल्या उजेडात तो पाहावा. सुटा हिरा पांढऱ्या कागदावर पालथा ठेवला की पिवळसर झाक लगेच ओळखू येते. दहापट मोठे दाखवणारे भिंग मागून घ्यावे. त्यातून तिरपे पाहिल्यावर मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसल्या, तर तो खडा मॉयसनाइट, म्हणजे हिऱ्यासारखा दिसणारा वेगळाच खडा, असू शकतो, आणि उष्णतेवर चालणारे साधे परीक्षकयंत्र त्याला हिरा समजून फसते.

प्रयोगशाळेत घडवलेला हिरा मात्र घरगुती युक्तीने ओळखता येत नाही, कारण तोही कार्बनचाच खरा हिरा असतो. तो पुष्कळ स्वस्त मिळतो आणि जाणूनबुजून घेण्यात काहीच गैर नाही, पण नैसर्गिक म्हणून त्याचे पैसे मोजू नयेत. यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागावे, त्यावरचा क्रमांक संबंधित संस्थेच्या संकेतस्थळावर तपासावा आणि हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला क्रमांक असल्यास तो भिंगातून जुळवून घ्यावा. बिलावर हिऱ्याचे वजन व किंमत, सोन्याचे वजन आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्यावी. परत घेताना दुकान किती टक्के कापणार, हेही तोंडी न ठेवता त्याच कागदावर उतरवून घ्यावे.

घरी आणल्यावर दागिना वेगळ्या डबीत ठेवावा, कारण हिरा शेजारच्या मोत्यांवर आणि सोन्यावर चरे पाडतो. तो सर्वांत कठीण असला तरी ठराविक दिशेने घाव बसल्यास दुभंगतो, तेव्हा हातोडीने पारख करण्याच्या ऐकीव सल्ल्याच्या नादी लागू नये. तेलकट हातांनी त्याची चमक उतरते. कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या द्रवसाबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने मागची बाजू धुतली की ती परत येते.