बंध तुटला की ऊर्जा मिळते? अणू, बल आणि ऊर्जा घरच्या घरी समजून घेण्याची रीत

दहावीच्या कुठल्याही मुलाला विचारा, "गॅस पेटल्यावर उष्णता कुठून येते?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "रेणूंमधले बंध तुटतात आणि त्यांत साठलेली ऊर्जा बाहेर पडते." ऐकायला छान, पण नेमकं उलटं. बंध तोडायला ऊर्जा खर्चावी लागते. ऊर्जा मिळते ती बंध जुळताना. ही एक गोष्ट नीट पटली की रसायनशास्त्राची पुढची कितीतरी प्रकरणं सोपी होतात. मात्र पाठ करून ती पटत नाही, हाताला जाणवावी लागते. म्हणून खालच्या गोष्टी नुसत्या वाचू नका, मुलांना शेजारी बसवून क्रमानं करून बघा. सुटीची एक दुपार पुरेल.

सामान साधंच आहे: दोन चुंबक, प्लास्टिकचा कंगवा, कागदाचे कपटे, काचेचे दोन ग्लास, शाई, हाताला लावायचं सॅनिटायझर, थोडं खोबरेल, आणि शेतकऱ्याच्या घरून मिळाला तर वाटीभर युरिया. प्रयोगशाळेतला थर्मामीटर असेल तर उत्तम. ताप मोजायचा थर्मामीटर इथे वापरू नका. तो ३५ ते ४२ अंशांपुरताच असतो आणि गरम पाण्यात फुटू शकतो.

पायरी १ : चुंबक ओढून बघा, मग विहीर आठवा

दोन चुंबक एकमेकांना चिकटवा आणि हळूहळू दूर ओढा. बोटांना ताण जाणवतो. ही तुम्ही घातलेली ऊर्जा. आता ते जवळ आणून सोडून द्या. "टक्" असा आवाज होतो. तो आवाज आणि अगदी किंचित उष्णता, ही बाहेर पडलेली ऊर्जा. आवाज चुंबक जुळताना झाला, तुटताना नाही. मुलांना हे तीन-चार वेळा करू द्या. घाई करू नका, कारण पुढचं सगळं या "टक्"वर उभं आहे.

आता गावाकडची विहीर डोळ्यांसमोर आणा. पोहरा काठावरून सोडला की तो धाडकन खाली जातो आणि पाण्यावर आपटतो. वर ओढायचा तर खांदे भरून येतात. विहीर जितकी खोल, तितके कष्ट जास्त. दोन सुटे अणू म्हणजे काठावरचा पोहरा. जुळलेले अणू म्हणजे तळाला गेलेला. तळाशी पोहोचलेल्या पोहऱ्यात ऊर्जा "साठलेली" नसते, उलट काठावर होती त्यापेक्षा कमीच असते. विहिरीची खोली म्हणजेच बंधाची ऊर्जा.

इथे एक बारकावा आहे. दोन अणू आदळून जुळले आणि सुटलेली ऊर्जा कुणीच उचलून नेली नाही, तर ते उसळून पुन्हा वेगळे होतात. ती ऊर्जा शेजारच्या रेणूला धक्का देऊन किंवा प्रकाश होऊन बाहेर जावी लागते, तेव्हाच जोडी टिकते. शेजाऱ्याला बसलेला हा धक्का म्हणजेच आपल्याला जाणवणारी उष्णता.

पायरी २ : हे बल कसलं, ते कंगव्याकडून शिका

अणू एकमेकांना ओढतात ते चुंबकासारखे नव्हे, तर विद्युतभारामुळे. अणूच्या मध्यभागी धनभारित केंद्रक, भोवती ऋणभारित इलेक्ट्रॉन. धन आणि ऋण एकमेकांना ओढतात, सारखे भार एकमेकांना लोटतात. या बलाचा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ कुलोमनं १७८५ मध्ये मांडला: अंतर दुप्पट झालं की बल चौथाई होतं. प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्यात गुरुत्वाकर्षणही असतं, पण विद्युतबल त्याच्यापेक्षा इतकं मोठं आहे की किती पटींनी, ते सांगायला १ वर ३९ शून्यं लिहावी लागतील. म्हणून रसायनशास्त्रात गुरुत्वाकर्षणाचा हिशेब धरतच नाहीत.

कोरड्या केसांतून कंगवा दहा-पंधरा वेळा फिरवा आणि कपट्यांजवळ न्या. कपटे उडून चिकटतात. (पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, हा प्रयोग हमखास फसतो, दमट हवेत भार टिकत नाही. थंडीच्या दिवसांत करा.) आता मुलांना एक प्रश्न विचारा: कंगव्यावर भार आहे हे खरं, पण कागदावर तर काहीच भार नव्हता. मग तो का ओढला गेला?

कारण कंगवा जवळ येताच कागदाच्या रेणूंमधले इलेक्ट्रॉन किंचित सरकतात. एका बाजूला थोडा ऋण भार, दुसऱ्या बाजूला थोडा धन. कंगव्याच्या जवळची बाजू विरुद्ध भाराची होते आणि ओढली जाते. रेणूंमध्येही असंच घडतं. एका रेणूतले इलेक्ट्रॉन क्षणभर एकीकडे झुकले की शेजारच्या रेणूतलेही सरकतात आणि दोघं एकमेकांना हलकेच ओढतात. याला व्हॅन डर वाल्स बल म्हणतात. एकेकटं बघितलं तर फार क्षीण, पण संख्येनं मिळून पाल भिंतीला धरून ठेवण्याइतकं. पालीच्या पायावर अतिसूक्ष्म केसांचे असंख्य फाटे असतात, ते भिंतीला अगदी खेटतात आणि मुख्यतः या बलावर पाल छताला उलटी लटकते.

हे बल मोजून पाहायचं तर घरातच तीन वस्तू आहेत: सिलिंडरमधला गॅस, गाडीतलं पेट्रोल आणि देवघरातली मेणबत्ती. तिन्हींत मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजनच. फरक साखळीच्या लांबीचा. गॅसमधल्या प्रोपेनची साखळी तीन कार्बनची, तो उणे ४२ अंशांनाच उकळतो. पेट्रोलमध्ये असणाऱ्या ऑक्टेनची आठ कार्बनची, तो १२६ अंशांना. मेणात वीस-तीस कार्बनच्या साखळ्या, म्हणून ते हातात धरता येतं. साखळी लांब तशी स्पर्शाची जागा जास्त आणि ओढही जास्त. वायू, द्रव की स्थायू हे त्या ओढीवर ठरलं.

पायरी ३ : शाईचा थेंब

एका ग्लासात थंड आणि दुसऱ्यात गरम पाणी घ्या. दोन मिनिटं हलवू नका, पाणी स्थिर होऊ द्या. मग दोन्हींत शाईचा एकेक थेंब अलगद सोडा. गरम पाण्यात शाई पटकन पसरते. यात पाण्याच्या प्रवाहांचाही थोडा हात असतो, पण मूळ कारण रेणूंची धावपळ. तापमान म्हणजे रेणूंच्या सरासरी गतिज ऊर्जेचं माप. खोलीच्या तापमानाला पाण्याचा रेणू सेकंदाला सुमारे ६०० मीटर वेगानं धावतो, हवेतल्या आवाजापेक्षाही जास्त. तरी शाई सावकाश पसरते, कारण रेणू पावलापावलावर शेजाऱ्यांवर आदळून दिशा बदलतो. आषाढी वारीच्या गर्दीत शिरलेला माणूस कितीही चपळ असला तरी पुढे किती सरकतो?

म्हणजे दोन गोष्टींची ओढाताण चाललेली असते: बल रेणूंना एकत्र धरतं, धावपळ त्यांना पांगवते.

पायरी ४ : हात गार का पडतो?

एका तळहातावर सॅनिटायझर, दुसऱ्यावर तितकंच खोबरेल घ्या आणि फुंकर घाला. सॅनिटायझरचा हात गार पडतो, तेलाचा नाही. अल्कोहोलचे रेणू शेजाऱ्यांपासून सुटून हवेत जातात. सुटायला ऊर्जा लागते आणि ती ते तुमच्या त्वचेतून घेतात. तेलाचे रेणू मोठे, त्यांची एकमेकांवरची पकड घट्ट, म्हणून ते उडत नाहीत. माठही याच रीतीनं पाणी गार करतो. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात तो छान काम करतो. मुंबईच्या दमट हवेत बाष्प सहज निघत नाही, म्हणून तिथे तितकं गार होत नाही.

आता गॅसवर पाणी ठेवा. एक किलो पाणी ३० वरून १०० अंशांवर न्यायला सुमारे २९३ किलोज्यूल लागतात. त्या सगळ्याची वाफ करायला आणखी २२६० किलोज्यूल, म्हणजे जवळजवळ आठपट! आणि या सगळ्या काळात तापमान १०० च्या पुढे हलत नाही, कारण सगळी ऊर्जा रेणूंना एकमेकांपासून सोडवण्यात जाते. म्हणून उघड्या पातेल्यात बटाटे उकडताना पाण्याला उकळी आली की गॅस बारीक करा. मोठ्या आचेनं बटाटे लवकर शिजत नाहीत, फक्त वाफ जास्त होते आणि गॅस वाया जातो.

वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट असतो, त्याचंही कारण हेच. वाफ त्वचेवर पाणी होते, रेणू पुन्हा जुळतात आणि ती सगळी ऊर्जा कातडीला मिळते. पायरी १ मधला "टक्" इथे असा भाजतो.

उकळत्या पाण्यातले बुडबुडे कशाचे, हेही इथेच विचारा. "हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे" असं उत्तर आलं तर वाफेवर थंड झाकण धरा. झाकणावर पाणीच जमतं. विहिरीच्या भाषेत सांगायचं तर पाण्यात दोन खोलींच्या विहिरी आहेत. शेजारच्या रेणूंना धरणारे हायड्रोजन बंध उथळ. एक मोल (मोल म्हणजे रेणूंची एक ठरावीक, प्रचंड संख्या), पाण्याच्या बाबतीत १८ ग्रॅम, त्याची वाफ करायला सुमारे ४१ किलोज्यूल पुरतात. पण रेणूच्या आतला ऑक्सिजन–हायड्रोजन बंध खोल, मोलमागे एकेक ४६३ किलोज्यूलचा. प्रत्येक रेणूत असे दोन, म्हणजे ९२६. चुलीवर उथळ विहिरीतले पोहरे वर येतात, खोल विहिरीतले जागचे हलत नाहीत.

पायरी ५ : युरियाचं गार पाणी

अर्धा ग्लास पाण्याचं तापमान बघा, त्यात पाच छोटे चमचे युरिया टाकून ढवळा. माझ्याकडे पारा ३० वरून २१ वर आला होता. फवारणीसाठी युरिया विरघळवणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही, बादलीला बाहेरून हात लावला तरी कळतं. (ग्लास नंतर नीट धुवा, लहान मुलांच्या हाती देऊ नका.) युरिया नसेल तर लिंबाच्या रसात खाण्याचा सोडा टाका, फरक कमी, पण थंडावा जाणवतो.

इथे हिशेबाची वही उघडा. युरियाच्या स्फटिकातले रेणू सोडवायला ऊर्जा खर्च झाली. ते पाण्याच्या रेणूंशी जुळले, तेव्हा थोडी परत मिळाली. खर्च जास्त, जमा कमी. तूट पाण्यानं स्वतःच्या उष्णतेतून भरली, म्हणून ते गार झालं. मिठाच्या बाबतीत हीच वही जवळजवळ बरोबरीत सुटते: एक मोल मिठाचे आयन (भारित अणू) सुटे करायला सुमारे ७८७ किलोज्यूल खर्च, पाण्यानं त्यांना वेढल्यावर सुमारे ७८३ जमा. एवढे मोठे आकडे, आणि फरक चारचा! म्हणून आमटीत मीठ टाकल्यानं ती गार झाल्याचं कुणाला कळत नाही.

उलटी बाजू पाहायची तर चुनकळी. पूर्वी रंगकामासाठी पिंपात चुना विझवत, तेव्हा पाणी आपोआप खदखदायचं. ५६ ग्रॅम चुनकळीमागे सुमारे ६५ किलोज्यूल जमा. हा प्रयोग घरी मात्र करू नका, उडालेला चुना डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते.

पायरी ६ : ज्योतीचा हिशेब मांडा

शेगडीकडे परत या. गॅस सोडला आणि लायटर लावला नाही, तर गॅस हवेत मिसळूनही जळत नाही. कारण आधीचे बंध सैल करायला सुरुवातीचा खर्च कुणीतरी करायला हवा. लायटरची ठिणगी तो करते. एकदा काही रेणू जुळले की त्यांची "टक्" शेजाऱ्यांचा खर्च भागवते आणि ज्योत चालू राहते.

आकडेमोडीला सर्वांत सोपा हायड्रोजन. आणि हे नुसतं वहीतलं उदाहरण नाही. १४ जुलै २०२३ ला चांद्रयान-३ घेऊन गेलेल्या एलव्हीएम-३ रॉकेटचा वरचा टप्पा द्रव हायड्रोजन आणि द्रव ऑक्सिजनवरच चालतो.

दोन मोल हायड्रोजन आणि एक मोल ऑक्सिजन घ्या.

खर्च: हायड्रोजनचे बंध २ × ४३६ = ८७२, ऑक्सिजनचा ४९८. एकूण १३७० किलोज्यूल.
जमा: पाण्याचे दोन मोल, म्हणजे चार मोल बंध, ४ × ४६३ = १८५२ किलोज्यूल.
शिल्लक: ४८२ किलोज्यूल.

मुलांना हा हिशेब स्वतःच्या हातानं लिहू द्या आणि "खर्च" हा शब्द तोडण्यापुढे, "जमा" हा शब्द जुळण्यापुढेच लिहायला लावा. इंधनातून ऊर्जा मिळते ती त्याचे बंध तुटतात म्हणून नव्हे, तर नंतर जुळणारे बंध जास्त खोल विहिरीतले असतात म्हणून.

याच नियमानं हवेतला नायट्रोजन आळशी का, तेही कळतं. त्याच्या दोन अणूंमधली विहीर ९४५ किलोज्यूल खोल आहे. आपल्या भोवतीच्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असूनही पिकाला तो थेट घेता येत नाही. अलिबागजवळच्या थळच्या खत कारखान्यात त्याचा आधी अमोनिया आणि मग युरिया करतात. अमोनियाच्या पायरीला लोखंडाचं उत्प्रेरक, चार-पाचशे अंश तापमान आणि प्रचंड दाब लागतो. पायरी ५ मध्ये ग्लासात टाकलेला युरिया असा तयार झालेला असतो.

आता एक गणित तुमच्यासाठी. हायड्रोजन आणि क्लोरीन एकेक मोल घेतले, की हायड्रोजन क्लोराइड दोन मोल मिळतं. बंधांच्या विहिरी अशा: हायड्रोजन–हायड्रोजन ४३६, क्लोरीन–क्लोरीन २४२, हायड्रोजन–क्लोरीन ४३१. आधी खर्च लिहा, मग जमा. शिल्लक १८४ किलोज्यूल आली तर तुमची वही बरोबर आहे.