कोबेला जाताना: बॅग भरण्याआधी आणि भरताना

आधी एक गोष्ट ठरवून टाका. ओसाकाहून सकाळी जाऊन रात्री परतायचं, की जपानच्या या बंदराच्या शहरात, कोबेतच मुक्काम करायचा? बरेच टूरवाले पहिला पर्याय देतात: दुपारी बीफ, संध्याकाळी बंदरावर फोटो, की झालं कोबे. माझं मत विचाराल तर तिथे दोन रात्री तरी काढाच. मागे रोक्को डोंगर, पुढे समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत शहर अशी रचना आहे. डोंगर आणि बंदर दोन्ही एका दिवसात उरकायचं म्हटलं तर सोबतच्या आजी-आजोबांचे आणि पोरांचे हाल होतात. हॉटेल सान्नोमिया भागात घ्या. जेआर, हांक्यू, हानशिन या कंपन्यांच्या रेल्वे, मेट्रो आणि विमानतळाची पोर्ट लायनर गाडी असं सगळं तिथून मिळतं. फक्त बुकिंगआधी नकाशात चढ बघून घ्या. स्टेशनच्या डोंगराकडच्या बाजूला चढण लागते, समुद्राकडे सपाट आहे. रस्ता विचारलात तरी उत्तर बहुधा ‘डोंगराच्या बाजूला’ किंवा ‘समुद्राच्या बाजूला’ असंच येतं, तेव्हा ही दोन टोकं निघण्यापूर्वीच मनात पक्की करा.

कागदपत्रांत व्हिसा पहिला. एप्रिल २०२४ पासून भारतीय पर्यटकांना जपानचा ई-व्हिसा मिळतो, पण अर्ज व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रातूनच करायचा. बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र आणि रोजचा कार्यक्रम हे आधी तयार ठेवा. खरी मेख पुढे आहे. हा व्हिसा विमानतळावर मोबाइलवर, इंटरनेट चालू असताना उघडून दाखवावा लागतो. प्रिंट किंवा स्क्रीनशॉट चालत नाही. त्यामुळे ई-सिम घरूनच टाकून घ्या, आणि चौघांचे व्हिसा एकाच्याच फोनवर असतील तर पॉवरबँक त्याच्याच खिशात हवी. व्हिजिट जपान वेब या सरकारी संकेतस्थळावर इमिग्रेशन आणि कस्टम्सची माहितीही आदल्या आठवड्यात भरून टाका. तिथे पोहोचल्यावर पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवायची आपली सवय सोडा. परदेशी पर्यटकाने तो कायम जवळ बाळगावा असा तिथला नियम आहे.

औषधांच्या डब्याकडे नीट लक्ष द्या, कारण आपल्याकडे सहज मिळणारी काही औषधं जपानमध्ये चालत नाहीत. स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण दहा टक्क्यांहून जास्त असलेल्या सर्दीच्या गोळ्या नेता येत नाहीत. कोडीन असलेली खोकल्याची सिरपं तर सरळ घरीच ठेवा. बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या एक महिन्यापुरत्या न्यायला हरकत नाही, पण त्या मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवा. सुट्या गोळ्या प्लास्टिकच्या पुडीत बांधून नेऊ नका. त्याहून जास्त दिवसांचा साठा लागणार असेल तर आधी परवानगी काढावी लागते.

खाऊच्या पिशवीतही कात्री लावा. कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, लिंबं, आंबे असलं काही नको, ताजी फळं-भाज्या कस्टम्सला अडकतात. मांसाचं काहीही नको. कच्चे तांदूळ-डाळीही नकोत. मेतकूट, चिवडा, थेपले, लाडू, गरम पाण्यात होणारा उपमा, एवढ्यावर भागतं. गरम पाण्याची किटली बहुतेक हॉटेलांच्या खोलीत असते. आपली किटली किंवा हेअर ड्रायर नेऊ नका, तिथला विजेचा दाब १०० व्होल्ट आहे. मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर चालतात, फक्त दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर घ्या.

शाकाहारी मंडळींना सगळ्यात जास्त फसवतो तो दाशी, म्हणजे बहुतेक वेळा माशाचा अर्क असलेलं पाणी. मिसो सूप, उडॉन नूडल्सचा रस्सा, उकडलेली भाजी, सगळ्याच्या मुळाशी तो असू शकतो. ‘मांस नाही, मासा नाही, दाशीही नाही’ एवढं जपानीत लिहिलेलं कार्ड छापून प्रत्येकाच्या पाकिटात ठेवा. मात्र या बाबतीत कोबे इतर जपानी शहरांपेक्षा सोपं आहे, आणि त्यामागे इतिहास आहे. हे बंदर १८६८ मध्ये परदेशी व्यापाराला खुलं झालं. १९२३ च्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झालं, तेव्हा तिथले बरेच भारतीय व्यापारी इकडे आले. सिंधी आले, गुजराती आले, मोत्यांच्या धंद्यात जैन आले. कितानो भागात १९८५ मध्ये बांधलेलं जैन मंदिर आहे, आणि भारतीय हॉटेलंही त्या आसपास सापडतात. १९३५ ची कोबेची मशीदही जवळच आहे, हलाल खाणाऱ्यांनी त्या बाजूला बघावं.

कोबे बीफचा विषय घरीच मिटवा, तिथे टेबलावर नको. काहींना खायचंय आणि काहींना बघायचंही नाही, अशी घरं असतातच. तेप्पान्याकीच्या दुकानात आचारी तुमच्या समोरच्या तव्यावर आधी लसणाच्या चकत्या कुरकुरीत करतो, मग मांस, आणि भाज्याही त्याच तव्यावर, बहुधा त्याच चरबीत परततो. त्यामुळे ‘मी नुसत्या भाज्या खाईन’ हा तोडगा तिथे चालत नाही, सरळ दोन गट करा. खाणाऱ्यांनी दुपारचा सेट घ्यावा, रात्रीपेक्षा बराच स्वस्त पडतो.

कपड्यांत बूट महत्त्वाचे. कितानोतले परदेशी व्यापाऱ्यांचे जुने बंगले चढावर आहेत, बाबागाडी ढकलून दमायला होतं. बाळाला पाठीवर किंवा पोटाशी बांधायची कॅरिअर बरी. बूट वारंवार काढावे लागतात, तेव्हा लेस नसलेले घ्या आणि मोजे फाटके नाहीत ना ते बघा. रात्रीचे दिवे बघायला माया डोंगरावरच्या किकुसेइदाईला जाणार असाल तर एकेक जाकीट जवळ असू द्या, आणि शेवटच्या रोपवेची वेळ खालीच बघून ठेवा. जून ते जुलैच्या मध्यापर्यंत तिथला पावसाळा, ऑगस्टपासून वादळांचे दिवस. जानेवारीत रोक्कोवरून बोचरा वारा सुटतो, पण २०२४ पासून लुमिनारिए ही रोषणाई जानेवारीच्या उत्तरार्धातच सुरू होते.

ही रोषणाई १९९५ च्या भूकंपानंतर सुरू झाली. १७ जानेवारीला पहाटे ५:४६ वाजता झालेल्या त्या भूकंपात ६,४३४ माणसं गेली. बंदरावरच्या मेरिकेन पार्कच्या एका कडेला धक्क्याचा तुटलेला भाग तसाच राखलाय: भेगाळलेलं काँक्रीट, पाण्यात खचलेला कठडा, वाकडे झालेले दिव्याचे खांब. मुलं असतील तर निघण्यापूर्वी त्यांना याबद्दल थोडं सांगा, म्हणजे ‘BE KOBE’ अक्षरांपाशी फोटो काढून ती पुढे पळणार नाहीत. फोनमध्ये ‘सेफ्टी टिप्स’ हे भूकंपाची सूचना देणारं ॲप घाला. पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिकेसाठी ११९ हे नंबर मुलांनाही पाठ हवेत. आकाशी काइक्यो पूल बघायला माइकोला गेलात तर त्यांना हेही सांगा, की बांधकाम चालू असताना याच भूकंपाने दोन मनोरे एकमेकांपासून सुमारे मीटरभर लांब सरकले. म्हणून मधला गाळा १,९९० ऐवजी १,९९१ मीटरचा झाला.

रोक्को डोंगरापलीकडच्या आरिमाच्या गरम झऱ्यांना जोडप्याने जायचं असेल तर आधी विचार करा. सार्वजनिक स्नानगृहात बायका-पुरुष वेगळे, आणि अंगावर कपडा नाही. संकोच वाटत असेल तर खासगी हौद आधीच राखून ठेवा. टॅटू असेल तरी तेच करा. लालसर तांबूस पाण्याचे डाग पडतात, तेव्हा पांढरा टॉवेल नेऊ नका.

पैशांचं थोडक्यात. फक्त कोबे-ओसाका-क्योतो फिरायचं असेल तर सगळ्या देशाचा जेआर पास, म्हणजे जेआरच्या गाड्यांचा रेल्वे पास, परवडत नाही, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सात दिवसांचा पास २९,६५० वरून ५०,००० येनांवर गेला. रेल्वे-बसच्या भाड्यासाठी पैसे भरून ठेवायचं इकोका कार्ड घ्या, मुलांचं वेगळं निघतं, त्यासाठी पासपोर्ट लागतो. थोडी रोकड हवीच. कचऱ्यासाठी एक पिशवी खिशात ठेवा, रस्त्यावर कचरापेट्या क्वचितच दिसतात.

आणि सामान. कान्साई विमानतळावरून बे शटल बोटीने सुमारे अर्ध्या तासात कोबे विमानतळ आणि तिथून पोर्ट लायनर, असं मोठ्या बॅगांसह सहज जाता येतं, बोट लागणाऱ्याने आधी गोळी घ्यावी. पण टोकियोहून शिन्कान्सेन या बुलेट ट्रेनने शिन-कोबे स्टेशनला येणार असाल तर टेप घेऊन बॅगेची लांबी, रुंदी, उंची मोजा. बेरीज १६० सेंटिमीटरच्या वर गेली तर बॅगेसाठी खास जागा असलेलं सीट आधीच आरक्षित करावं लागतं. नाहीतर बॅगा हॉटेलातून कुरिअरने पुढच्या हॉटेलला पाठवून द्या, बहुधा दुसऱ्या दिवशी पोहोचतात. तेव्हा एका रात्रीचे कपडे, औषधं आणि पासपोर्ट पाठीवरच्या सॅकमध्ये काढून ठेवा, मगच मोठ्या बॅगेला कुलूप लावा.