मंगळाला निघण्याआधी: किरणोत्सर्गासाठीची तयारी

सामान बांधायच्या आधी हिशेब मांडा. ‘क्युरिऑसिटी’ रोव्हर मंगळाकडे जात असताना त्याच्या पोटातल्या ‘रॅड’ उपकरणाने किरणोत्सर्ग मोजला होता: दिवसाला सुमारे १.८ मिलिसिव्हर्ट (शरीराला बसणारा किरणोत्सर्गाचा डोस मोजायचं एकक). छातीचा एक्स-रे ढोबळमानाने ०.१ चा, म्हणजे रोजचे अठरा एक्स-रे. जाऊन-येऊन वर्षभराचा प्रवास धरला तर आकडा ६५० च्या घरात जातो. नासाने अंतराळवीराला अख्ख्या कारकिर्दीसाठी घालून दिलेली मर्यादा आहे ६००, आणि यात मंगळावरचा मुक्काम धरलेलाच नाही. म्हणून प्रत्येकाच्या मागच्या मोहिमांचा डोस आधी तपासा. ज्याचं खातं भरत आलंय त्याला कितीही अनुभव असला तरी नेऊ नका.

यातला मोठा वाटा आकाशगंगेतून येणाऱ्या वैश्विक किरणांचा असतो. ते इतके जोरकस असतात की यानाला झेपेल एवढ्या जाडीची भिंत त्यांना पुरेशी अडवत नाही. शिसं तर नकोच. जड अणूंवर आदळून नवे कण, न्यूट्रॉन उडतात आणि त्रास वाढतो. इथे खरा उपाय एकच, प्रवासाचे दिवस कमी करणं. सूर्य ऐन भरात, म्हणजे सर्वाधिक सक्रिय असताना निघालात तर त्याचं चुंबकीय क्षेत्र हे किरण थोडे थोपवतं, पण त्याच काळात सौर वादळंही, म्हणजे सूर्याकडून येणारे वेगवान कणांचे लोंढे, जास्त येतात.

वादळाची तयारी मात्र हातात आहे, आणि ती चोख हवी. ऑगस्ट १९७२ मध्ये, अपोलो १६ आणि १७ यांच्या मधल्या काळात, प्रचंड सौर वादळ झालं. त्या आठवड्यात चंद्रावर कुणी नव्हतं, हे केवळ नशीब. यानात मधोमध आडोशाची जागा ठरवा आणि भोवती पाण्याच्या पिशव्या, जेवणाची पाकिटं, पॉलिथिलीनच्या विटा रचता येतील असं बघा. या सगळ्यांत हायड्रोजन भरपूर असतो, आणि हायड्रोजन जितका जास्त तितका आडोसा चांगला. पाणी पिऊन संपत जाईल तशी भिंत पातळ होणार, तेव्हा वापरलेलं पाणी शुद्ध करून त्याच पिशव्यांत परत भरायची सोय करा. पिशव्यांवर क्रमांक घाला. दिवे बंद करून रचायचा सराव करा, एकदा नव्हे, हात आपोआप चालेपर्यंत. किरणोत्सर्ग अडवणारी जाकिटंही घ्या: २०२२ मध्ये नासाच्या आर्टेमिस १ मोहिमेच्या यानातून हेल्गा आणि झोहार या दोन पुतळ्या चंद्राला फिरून आल्या, त्यातल्या झोहारला असंच जाकीट घातलं होतं.

इशाऱ्यासाठी पृथ्वीवर विसंबू नका. भारताचं आदित्य-एल१ यान सूर्यावर नजर ठेवून आहे, त्यावरची ‘सूट’ दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने बनवली आहे, पण ती बघते सूर्याची पृथ्वीकडची बाजू. मंगळ सूर्यापलीकडे असेल तेव्हा तिकडचा स्फोट तिला दिसणार नाही. वेगवान कण काही वेळा मिनिटांतच येऊन थडकतात. कणमापक यानावरच हवा, त्याचा भोंगा झोपायच्या जागेपर्यंत ऐकू यायला हवा, आणि प्रत्येकाच्या अंगावर डोसमापक.

शेवटचं, पहिल्या रात्रीसाठी. डोळे मिटल्यावर अंधारात मध्येच प्रकाशाची रेघ चमकेल. अपोलोच्या वीरांनाही ती दिसायची. वैश्विक कण डोळ्यातून आरपार जातो तेव्हा असं होतं. हे सगळ्यांना निघण्याआधी सांगून ठेवा. उशाशी वही-पेन्सिल बांधून ठेवा आणि दिसलं की वेळ लिहा.