फाइन आर्ट्सची पदवी आणि कर्ज: अमेरिकेतला हिशेब कसा मांडायचा

अमेरिकेत चित्रकला, शिल्पकला किंवा प्रिंटमेकिंगची पदवी घ्यायची ठरली की घरात चर्चा कॉलेजच्या नावापासून सुरू होते आणि कर्जाचा विषय सगळ्यात शेवटी, घाईघाईत येतो. हिशेब उलट्या टोकाने करा. आधी अपेक्षित कमाई, तिच्यावरून झेपणारं कर्ज, आणि त्यात बसेल ते कॉलेज.

कमाईचा आकडा कुठून घ्यायचा

अमेरिकेच्या शिक्षण विभागाचं 'कॉलेज स्कोअरकार्ड' हे संकेतस्थळ सर्वांसाठी खुलं आहे. तिथे कॉलेजच्या पानावर अगदी वर कमाईचा जो आकडा ठळक दिसतो, तो सोडून द्या. तो सगळ्या शाखांचा मिळून असतो, शिवाय शिक्षण अर्धवट सोडलेलेही त्यात धरलेले असतात. ज्या विद्यापीठात इंजिनिअरिंगची मुलं भरपूर, तिथे हा आकडा फुगलेला दिसणारच. चित्रकाराला त्याचा काय उपयोग?

खाली अभ्यासक्रमनिहाय यादी असते. त्यात 'फाइन अँड स्टुडिओ आर्ट्स' शोधा. सरकारी वर्गीकरणात याचा क्रमांक 50.07. इथे दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. एक, पेंटिंग, शिल्प, सिरॅमिक्स आणि कला-इतिहास हे सगळं याच एका गठ्ठ्यात येतं. फक्त शिल्पकारांचा वेगळा आकडा मिळत नाही. दोन, ग्राफिक डिझाइन आणि इलस्ट्रेशन 50.04 मध्ये मोडतात, तर ॲनिमेशन कधीकधी कम्युनिकेशन टेक्नॉलॉजीशी संबंधित 10.03 मध्ये जातं. प्रवेशाच्या कार्यक्रमात 'आमच्या कलाशाखेचे विद्यार्थी इतकं कमावतात' असं सांगितलं, तर तो आकडा नेमका कोणत्या क्रमांकाचा आहे हे विचारा. डिझाइनचे पगार फाइन आर्ट्सच्या खात्यात मिसळलेले असण्याची शक्यता बरीच असते.

आकडा मध्यक असतो, म्हणजे अर्धे पदवीधर त्याहून कमी कमावतात. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारची, मदत घेतलेल्या विद्यार्थ्यांवरूनच तो काढलेला असतो. वर्ग लहान असेल तर खासगीपणा जपण्यासाठी आकडा झाकलेला असतो, आणि फाइन आर्ट्सचे वर्ग लहानच असतात. अशा वेळी त्याच राज्यातल्या, तेवढ्याच फीच्या दोन-तीन कॉलेजांचे 50.07 चे आकडे घ्या आणि त्यातला सर्वांत कमी धरा. श्रम विभागाच्या पगार-सर्वेक्षणात स्वतंत्र काम करणारे कलाकार धरलेलेच नसतात, म्हणून केवळ त्याच्या भरवशावर राहू नये.

स्वतंत्र काम करायचा विचार असेल तर आणखी एक वजावट आहे. नोकरीत सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा अर्धा भार मालक उचलतो. स्वतःच्या धंद्यात दोन्ही अर्धे आपल्याच खिशातून जातात, दर 15.3 टक्के. तोही रंग, फ्रेम आणि स्टुडिओचं भाडं वजा करून उरलेल्या नफ्यावर. म्हणून 40,000 डॉलरची चित्रं विकली म्हणजे 40,000 कमावले असं धरू नका.

झेपेल तेवढं कर्ज

'पहिल्या वर्षाच्या पगारापेक्षा जास्त कर्ज नको' हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. कलाशाखेसाठी तो फार सैल आहे. 2025-26 मध्ये पदवीच्या फेडरल लोनचा व्याजदर 6.39 टक्के होता. या दराने, 10 वर्षांच्या फेडीत, दर 10,000 डॉलर मुद्दलामागे महिना 113 डॉलर हप्ता बसतो. कर्ज आणि पगार सारखेच असले तर करापूर्वीच्या पगाराचा साडेतेरा टक्के हप्त्यात जातो. पगार मोठा असेल तर उरलेल्यात भागतं, छोटा असेल तर आधी घरभाडं अडतं.

त्यापेक्षा 8 टक्क्यांची मर्यादा धरा. व्यावसायिक अभ्यासक्रम तपासताना शिक्षण विभागानेही ही रेघ वापरलेली आहे. समजा अपेक्षित कमाई वर्षाला 40,000 डॉलर आहे. तिचे 8 टक्के म्हणजे 3,200, महिन्याला साधारण 267. याला 113 ने भागा आणि 10,000 ने गुणा: सुमारे 23,600. चारही वर्षांचं मिळून कर्ज या आकड्याच्या आत बसवायचं.

व्याजदर दर 1 जुलैला नव्याने ठरतो आणि त्या वर्षी घेतलेल्या लोनला कायमचा चिकटतो. त्यामुळे चार वर्षांच्या चार लोनचे दर चार निघू शकतात. हिशेबात सर्वांत चढा दर धरा.

कर्ज कुठे फुगतं

पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला स्वतःच्या नावावर फेडरल लोन मिळतं ते पहिल्या वर्षी 5,500, दुसऱ्या वर्षी 6,500, पुढे दोन वर्षं 7,500 डॉलर. चार वर्षांचे झाले 27,000. हप्ता 305 च्या आसपास. यातला 'अनसबसिडाइज्ड' भाग शिकत असतानाच व्याज खातो. सगळंच तसं असेल तर पहिला हप्ता येईपर्यंत 4,000 डॉलरच्या घरात व्याज साठतं आणि हप्ता साडेतीनशेकडे सरकतो. म्हणजे 40,000 च्या कमाईला हेही थोडं जडच. पण घरं यामुळे बुडत नाहीत, कारण इथे सरकारनेच मर्यादा घातलेली आहे.

खरी अडचण याच्यावरच्या रकमेत आहे. समजा ग्रँट (परत न करावी लागणारी मदत) आणि स्कॉलरशिप वजा जाता कॉलेजचा खर्च वर्षाला 38,000 पडतो. चार वर्षांचे 1,52,000. त्यातून 27,000 गेले तर उरले 1,25,000. ते येणार कुठून? बचत नसेल तर 'पेरेंट प्लस', म्हणजे पालकांनी घ्यायचं फेडरल लोन, किंवा खासगी लोन. 1 जुलै 2026 पासूनच्या नियमांनुसार पेरेंट प्लस एका मुलामागे वर्षाला 20,000 आणि एकूण 65,000 डॉलरच्या वर मिळत नाही. 2025-26 च्या 8.94 टक्के दराने 65,000 चा 10 वर्षांचा हप्ता 820 डॉलर होतो, आणि तो आईवडिलांच्या नावावर, बहुधा निवृत्तीच्या तोंडावर. शिवाय देतानाच चार टक्क्यांहून जास्त शुल्क कापून घेतात. स्कोअरकार्डवरच्या विद्यार्थ्यांच्या कर्जाच्या आकड्यात पेरेंट प्लस धरलेलं नसतं आणि खासगी लोन तर दिसतच नाही. 'इथली मुलं 25,000 कर्ज घेऊन बाहेर पडतात' हे वाक्य खरं असूनही त्या मागे घरांचं कर्ज याच्या तिप्पट असू शकतं.

मदतीचं पत्र आलं की पेन्सिल घेऊन बसा. ग्रँट आणि स्कॉलरशिप एका बाजूला, लोन आणि 'वर्क-स्टडी' (शिकताना काम करून मिळणारे पैसे) दुसऱ्या बाजूला. काही पत्रांत हे सगळं एकाच बेरजेत 'तुम्हाला मिळालेली मदत' म्हणून घातलेलं असतं. मग स्कॉलरशिप ठरावीक रकमेची आहे का ते बघा. फी 50,000 आणि स्कॉलरशिप 18,000 असेल, आणि फी दरवर्षी 4 टक्क्यांनी वाढली, तर स्कॉलरशिप जागच्या जागी राहून चौथ्या वर्षी 6,200 डॉलर जास्त भरावे लागतात. तीन वर्षांचा वाढीव बोजा 12,000 च्या पुढे जातो. किती ग्रेडखाली स्कॉलरशिप बंद होते, हेही लेखी घ्या. स्टुडिओच्या प्रत्येक विषयाचं वेगळं शुल्क, भट्टीचं शुल्क, कॅनव्हास आणि कागद यांसाठी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठा. कॉलेजने छापलेला अंदाज त्यांच्याकडून पडताळून घ्या.

नव्या फेडीतली मेख

1 जुलै 2026 नंतर घेतलेल्या लोनसाठी ठरावीक हप्त्याच्या योजनेची मुदत रकमेवर ठरते. 25,000 च्या आत 10 वर्षं, 25,000 ते 50,000 ला 15. त्यामुळे 27,000 चा हप्ता 234 वर येतो आणि हलका वाटतो. पण एकूण व्याज 9,600 वरून 15,000 वर जातं. तुलना करताना सगळीकडे 10 वर्षंच धरा.

दुसरी योजना उत्पन्नावर चालते. वर्षाला 38,000 उत्पन्न असेल तर 3 टक्के, म्हणजे महिना 95 डॉलर. 27,000 वर महिन्याचं व्याज 144 होतं. वरचे 49 सरकार माफ करतं आणि मुद्दलही थोडं उतरवतं. उत्पन्न वरखाली होणाऱ्या कलाकाराला ही सोय चांगली, पण फेड 30 वर्षांपर्यंत लांबू शकते. जोखीम पेलायला ती ठीक. तिच्या भरवशावर महागडं कॉलेज निवडणं आम्हाला पटत नाही. नव्या पेरेंट प्लसला ती लागू नाही, आणि खासगी लोनला तर नाहीच.

एमएफए, म्हणजे फाइन आर्ट्सची पदव्युत्तर पदवी, करायची असेल तर आधी फीमाफी आणि टीचिंग असिस्टंटशिप देणारी विद्यापीठंच बघा. पदव्युत्तर फेडरल लोन वर्षाला 20,500 पर्यंत मिळतं. दोन वर्षांचे 41,000, 2025-26 च्या 7.94 टक्के दराने 10 वर्षांचा हप्ता सुमारे 495. वरचा खर्च भागवणारं 'ग्रॅड प्लस' हे फेडरल लोन नव्या कर्जदारांना 1 जुलै 2026 पासून बंद. विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना फेडरल लोन मिळतच नाही, आणि फाइन आर्ट्सच्या पदवीनंतर कामाची परवानगी 12 महिन्यांचीच. स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) शाखांची 24 महिन्यांची वाढ 50.07 ला नाही. त्यांनी एवढ्या मुदतीतली कमाई धरूनच आकडे मांडावेत.

अनामत भरण्याआधी कॉलेजची स्वतःची तब्येतही बघा. सॅन फ्रान्सिस्को आर्ट इन्स्टिट्यूट 2022 मध्ये बंद पडलं. फिलाडेल्फियाचं युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्स जून 2024 मध्ये आठवड्याभराच्या सूचनेवर. शिकत असताना कॉलेज बंद झालं तर फेडरल लोन माफ होऊ शकतं, खासगीला तशी हमी नाही. शिक्षण विभाग ज्या कॉलेजांच्या पैशांवर जादा नजर ठेवतो त्यांची यादी प्रसिद्ध करतो. तीत नाव आहे का ते शोधा, आणि मागच्या पाच वर्षांत विद्यार्थीसंख्या किती घटली ते प्रवेश कार्यालयाला सरळ विचारा.