मिरवेलीला सुडोमोनास देताय? या चुका टाळा

ऐन पावसात पोफळीवर चढलेली हिरवीगार मिरवेल चार दिवसांत मलूल होते, पानं काळी पडून गळतात, मग पेरं सुटून वेल खाली येते. हा मर रोग. तो करणाऱ्या फायटोप्थोराला शास्त्रात आता खरी बुरशी मानत नाहीत, वाडीत मात्र सगळे बुरशीच म्हणतात. तिच्यावर सुडोमोनास हे जिवाणू उपयोगी पडतात. ते मुळांभोवती वस्ती करतात, तिथलं लोह ओढून घेतात, बुरशीला मारक द्रव्यं सोडतात. "टाकलं, पण गुण नाही आला," असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं, कारण बऱ्याचदा ते मुळाशी जिवंत पोचलेलेच नसतात.

मी स्वतः ही चूक केली. सकाळी बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) मारलं आणि संध्याकाळी त्याच बुंध्यांत सुडोमोनास ओतलं. मोरचुदात तांबं असतं, आणि तांबं जिवाणूंनाही मारतं. त्या श्रावणात चार वेली गेल्या. आता दोन्हींत किमान 15 दिवस जाऊ देतो.

पुडी घेताना मुदत बघा. सुडोमोनासला बीजाणू, म्हणजे कठीण काळात तग धरणारी कवचबंद अवस्था, नसते, त्यामुळे भुकटीत तो काही महिनेच टिकतो. पत्र्याच्या पडवीत, खतांच्या गोणीवर तापत ठेवलेली पुडी वाया गेलीच समजा. बॅसिलस हा दुसरा उपयोगी जिवाणू बीजाणू धरतो, म्हणून जास्त तग धरतो.

कोरड्या मातीत, भर उन्हातही देऊ नका. मृगाच्या सरींनी माती भिजली की संध्याकाळी द्या. भुकटी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलं गोणपाट टाकून आठ-दहा दिवस सावलीत ठेवावी. खत मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, पाणी गळू नये. प्रमाण पुडीवर दिलेलं असतं.

सगळ्यात मोठी चूक पाण्याची. या रोगाचे बीजाणू पाण्यात चक्क पोहतात. आळ्यात पाणी तुंबलं तर जिवाणू किती पुरे पडणार? मृगाआधीच चर काढा. भुईवर लोळणारे फुटवे बांधून वर घ्या, नाहीतर पावसाच्या थेंबांनी उडणारी माती रोग थेट पानावर नेते.

मलूल झालेली वेल यानं उठत नाही. ती मुळासकट काढून वाडीबाहेर जाळा आणि शेजारच्या वेलींना जिवाणू द्या. त्या खड्ड्यात लगेच नवं रोप लावू नका.